नागपुरात मेळावा घ्यायचाय? आधी शेवटची एसटी कधीची ते बघा

तुमचा प्रश्न असा: विदर्भातल्या पुरोगामी ब्लॉगर आणि ऑनलाइन कार्यकर्त्यांचा एक दिवसाचा मेळावा नागपुरात घ्यायचा आहे, शंभरेक लोक येतील, सुरुवात कुठून करू? आम्ही चार-पाच मित्रांनी असे तीन मेळावे घेतले. पहिला पार फसला, म्हणून त्याचंच आधी सांगतो.

आम्ही सुरुवात केली वक्त्यांपासून. पुण्या-मुंबईचे तीन मोठे वक्ते, त्यांची तिकिटं, त्यांच्या खोल्या. जमलेली वर्गणी तिथंच संपली. शेवटचे पाहुणे पाच वाजता माईकसमोर उभे राहिले तेव्हा ऐकायला उरले नागपुरातलेच, धरमपेठ आणि धंतोलीवाले. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळची मंडळी साडेतीनलाच पिशव्या उचलून गणेशपेठच्या एसटी स्टँडकडे निघाली होती. गडचिरोली म्हणजे बसनं चारेक तास, आणि पुढं गावी जायला रात्री काही नसतं. वनहक्कावर, रेतीच्या उपशावर लिहिणारी हीच माणसं होती बरं, आणि त्यांना बोलायला एक मिनिट मिळालं नाही.

तेव्हा वेळापत्रक शेवटच्या एसटीपासून उलटं मोजत आखा. अकराला सुरू, साडेतीनला खलास. पहिलं सत्र सगळ्यात लांबून आलेल्यांचं, नागपूरकर शेवटी. बाहेरचा वक्ता एकच. वाचलेल्या पैशातून प्रवासखर्च द्या. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, हे निमंत्रणातच लिहा. आमच्याकडे त्यानं फरक पडला.

तारीख ठरवताना दसरा टाळा. दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, खोली मिळत नाही, आणि आपले निम्मे कार्यकर्ते तिथं पुस्तकांच्या स्टॉलवर असतात. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन: रस्ते बंद, उरलेले निम्मे मोर्चात. मे महिन्याचं तर बोलूच नका. आम्ही ३१ जानेवारीच्या जवळचा रविवार धरतो. १९२० साली त्याच दिवशी बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ निघाला. स्वतःचं छापायला स्वतः उभं राहणाऱ्यांना याहून चांगला दिवस कोणता?

आता फोटो. दुसऱ्या मेळाव्यात आमच्यातल्याच एका उत्साही पोरानं अख्खा हॉल लाइव्ह दाखवला. तिसऱ्या रांगेत एक ताई होत्या, सरकारी नोकरीत, टोपणनावानं लिहिणाऱ्या. सरकारी माणसाला १९७९ चे वर्तणूक नियम लागू, सरकारवर जाहीर टीका केली की नोटीस. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, “दादा, साहेबांनी बोलावलंय. व्हिडिओ काढून टाका ना आधी.” काढून टाकला, पण तोवर कार्यालयातल्या ग्रुपवर फिरून झाला होता. त्यांनी लिहिणं सोडलं. त्यांना फोन करायची मला अजून हिंमत होत नाही. तेव्हापासून नोंदणीच्या टेबलावर पिवळ्या फिती ठेवतो. फीत लावली की फोटो नाही. हजेरीच्या वहीत खरं नाव लिहायची सक्ती नाही, आणि सगळ्यांचे नंबर एका ग्रुपात कोंबायचे नाहीत.

एक वकील मात्र बोलवाच. ऑनलाइन लिहिलेल्या मजकुरावरून गुन्हा दाखल करता यायचा ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, तरी त्याखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. पोलीस ठाण्यातून फोन आला तर काय बोलायचं, मोबाइल मागितला तर काय लिहून घ्यायचं, यावर आमचा तास दोन तास चालला. ट्रोलिंगवरचं भाषण मात्र वीस मिनिटांत आटोपलं, ते सगळ्यांना पाठच आहे.

हॉल सीताबर्डीच्या आसपास घ्या, मेट्रोच्या दोन्ही मार्गिका तिथं मिळतात. सकाळी तर्री पोहे, दुपारी साधं जेवण. कार्यक्रम बंदिस्त हॉलमध्ये असला तरी पोलीस ठाण्यात पत्र देऊन पोच घेऊन ठेवा. आमच्याकडे साध्या वेशातले दोघं येऊन मागं बसतात. त्यांच्याही प्लेटा मोजत जा, नाहीतर ऐन वेळी पोहे कमी पडतात.