वाचकांचे प्रश्न : होल एकच, निकाल दोन

प्रश्न : जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचे लहानसे मशीन शॉप असून पुण्याच्या एका ग्राहकासाठी आम्ही ॲल्युमिनियमची पंप हाउसिंग बनवतो. ड्रॉइंग एएसएमई वाय १४.५–२०१८ या अमेरिकी ड्रॉइंग-मानकाप्रमाणे आहे. त्यात १२.०० ते १२.२० मि.मी. व्यासाचा एक होल आहे आणि त्याच्या पोझिशनला (जागेला) ०.१० टॉलरन्स (चालणारा फरक) व वर्तुळातला ‘एम’ दिलेला आहे. आमच्या सीएमएमने (बिंदूंना स्पर्श करून मापे घेणाऱ्या यंत्राने) होलच्या जागेतले विचलन ०.१९ आणि परवानगी ०.२० दाखवून जॉब (बनवलेला भाग) पास केला. ग्राहकाच्या सीएमएमवर विचलन तेवढेच आले, पण परवानगी ०.१८ धरून त्यांनी जॉब नाकारला. मग टॉलरन्स बदलला कोणी? सोबत दोन्ही अहवाल जोडले आहेत.
— एक गुणवत्ता तपासनीस, जळगाव

उत्तर : टॉलरन्स कोणीही बदललेला नाही, होलचा व्यास कशाला म्हणायचे, याबाबत दोन सॉफ्टवेअरची व्याख्या वेगळी आहे, एवढेच. वर्तुळातल्या ‘एम’चा अर्थ असा की, होल सर्वांत लहान म्हणजे १२.०० असताना पोझिशनला ०.१० मिळतात आणि होल जेवढा मोठा होईल तेवढी सवलत त्यात वाढते. तुमच्या अहवालात व्यास १२.१० आहे, ग्राहकाच्या अहवालात १२.०८, परवानगीतला ०.०२ चा फरक नेमका तिथून आला आहे.

आता व्यास दोन कसे, ते पाहू. दोन धारांच्या ड्रिलने पाडलेला होल पुष्कळदा पुरता गोल नसतो, त्याला किंचित तिकोनी आकार येतो. अशा होलमध्ये बोअर गेज (समोरासमोरच्या दोन बिंदूंमधले अंतर मोजणारे साधन) कसाही फिरवला तरी काटा १२.१० वरून हलत नाही, कारण एका बाजूच्या फुगवट्यासमोर (भिंत बाहेर गेलेल्या भागासमोर) बरोबर दुसऱ्या बाजूचा दबलेला (आत आलेला) भाग येतो. तुमच्या सॉफ्टवेअरने ‘लीस्ट स्क्वेअर’ पद्धतीने आठ बिंदूंमधून सरासरी वर्तुळ काढले, म्हणून त्यालाही १२.१० च मिळाले. मात्र त्या होलमध्ये १२.०९ ची पिन जाणार नाही. ग्राहकाच्या सॉफ्टवेअरने आत बसणारे सर्वांत मोठे वर्तुळ घेतले, आणि अक्षाच्या, म्हणजे होलच्या मधल्या रेषेच्या, हिशेबाने सवलत मोजताना एएसएमईला हाच व्यास अपेक्षित आहे. सरासरी वर्तुळ चुकीचे नाही. यंत्राचा कल पाहण्यासाठी आणि ऑफसेट (यंत्रातली दुरुस्ती) देण्यासाठी ते उत्तम आहे. अडचण एवढीच की, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ते आपोआप निवडलेले असते आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे तिकडे लक्ष जात नाही.

तरीही लॉट भंगारात काढण्याची घाई करू नका. अक्षाचा हिशेब आणि प्रत्यक्ष पृष्ठभाग यांत मतभेद झाल्यास पृष्ठभागाचा निकाल ग्राह्य धरावा, असे तेच मानक सांगते. सर्वांत लहान होलच्या १२.०० मधून पोझिशनचे ०.१० वजा केल्यास ११.९० उरतात. ए, बी, सी या डेटमवर (ड्रॉइंगने ठरवलेल्या आधार-पृष्ठांवर) जॉब टेकवून नेमक्या जागी बसवलेली ११.९० ची पिन होलमध्ये गेली, तर पोझिशनपुरता जॉब चांगला. होल ज्या दिशेला सरकला आहे, त्याच्या उलट बाजूची भिंत पिनला आधी भिडते. तिथे फुगवटा आला असेल तर पिन सुखाने जाईल, दबलेला भाग आला असेल तर अडेल. म्हणजे ०.०१ ने नाकारलेले तुमचे काही जॉब खरोखर चांगले असू शकतात. ग्राहकाशी बोलताना हा मुद्दा जरूर मांडा. पण त्याआधी स्वतःचा प्रोग्रॅम दुरुस्त करा आणि त्या होलवर आठऐवजी निदान पंचवीस बिंदू घ्या. चार बिंदूंवर काम उरकण्याची सवय तर सोडाच, कारण तिकोनी होल चार बिंदूंनी मोजला की त्याचा तिकोनीपणा लपतो आणि वर केंद्रच सरकल्यासारखे दिसते.

प्रश्न : मे महिन्यात वीज गेली की आमच्या मोजमाप खोलीचे तापमान ३८ अंशांवर जाते. सॉफ्टवेअरमध्ये तापमान भरण्याची सोय आहे. तेवढी पुरेशी आहे का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : अर्धवट पुरते. ड्रॉइंगवरची मापे २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. ॲल्युमिनियम एका मीटरला दर अंशामागे सुमारे २३ मायक्रॉन वाढते, म्हणजे २०० मि.मी. लांबीचा जॉब १८ अंशांच्या फरकाने साधारण ०.०८ मि.मी. वाढतो. जॉबचे खरे तापमान आणि त्या धातूचा प्रसरणांक भरला, तर सॉफ्टवेअर एवढी वाढ वजा करते. पण मशीनवरून नुकताच उतरवलेला, एका बाजूने गरम आणि दुसऱ्या बाजूने निवलेला जॉब वाकतो, आणि ते वाकणे कोणत्याही एका आकड्याने वजा होत नाही. वीज आल्यावर खोली थंड झाली तरी जॉब आणि ग्रॅनाइटचे टेबल लगेच थंड होत नाहीत. म्हणून खोलीतला तापमापक न पाहता जॉबला सेन्सर लावूनच तापमान भरा.