अणू, परमाणू आणि रेणू: कोण कोणाच्या पोटात?

प्रश्न असा आहे: "मुलीच्या मराठी पुस्तकात अ‍ॅटमला अणू आणि मॉलिक्यूलला रेणू म्हटलंय. ती व्हिडिओवर जी हिंदी शिकवणी बघते, तिथे अ‍ॅटम म्हणजे परमाणु आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल. बरोबर कोण? परम म्हणजे अगदी शेवटचा, मग अ‍ॅटमला परमाणू म्हणणंच जास्त शास्त्रीय नाही का? आणि अणूच्या आतल्या कणांना मराठीत काय म्हणायचं?"

आपापल्या घरात दोघंही बरोबर आहेत. मराठीत अ‍ॅटम तो अणू, मॉलिक्यूल तो रेणू; हिंदीत परमाणु आणि अणु. बंगाली आणि गुजराती या बाबतीत हिंदीच्या बाजूला आहेत. तमिळ मात्र आपल्यासारखीच अ‍ॅटमला अणू म्हणते, त्यामुळे मराठीच तेवढी वेगळी चालली असं समजायचं कारण नाही.

घोळ होतो तो दोन भाषांची पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली की. ऑक्सिजनचा अणुभार किती? जुन्या मराठी पुस्तकातलं उत्तर 16. हिंदी पुस्तकातलं उत्तर 32. दोन्ही छापील, दोन्ही अचूक, कारण हिंदीतला अणुभार म्हणजे आपला रेणुभार, आणि ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात. आताची शालेय पुस्तकं भार न म्हणता अणुवस्तुमान आणि रेणुवस्तुमान म्हणतात, ते बरंच आहे, पण हिंदीत शिकून मराठीत पेपर लिहिणाऱ्या मुलाचा गोंधळ त्याने मिटत नाही. ‘आण्विक’चंही तसंच. मराठी वर्तमानपत्रात आण्विक पाणबुडी असते; हिंदी रसायनशास्त्रात आण्विक म्हणजे रेणूसंबंधीचं. मुलीला एवढं एकच सांगा: हिंदीत ‘अणु’ ऐकलं की मनात रेणू म्हणायचं.

आता तुमचा ‘परम’चा मुद्दा. तो ऐकायला पटतो, पण जरा टोकरून पाहू. परमाणु हा वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनातला शब्द, ते मांडणाऱ्या कणादांच्या परंपरेतला. तिथला परमाणु नित्य आहे, त्याला अवयव नाहीत, आणि तो पृथ्वी, आप, तेज, वायू या चार द्रव्यांचा असतो. दोन परमाणु मिळून होतं द्व्यणुक, आणि तीन द्व्यणुकं मिळून त्र्यणुक. गंमत द्व्यणुक या शब्दातच आहे. द्वि अधिक अणु, म्हणजे दोन अणूंचं. ते दोन कोण? परमाणुच! म्हणजे ज्या परंपरेचा दाखला देऊन ‘परमाणूच खरा’ म्हणायचं, त्याच परंपरेने सर्वांत लहान कणाला शब्द घडवताना ‘अणु’ म्हटलेलं आहे. मराठीने अ‍ॅटमला अणू म्हटलं तर त्यात काही आगळीक झाली असं मला तरी वाटत नाही.

आणि अर्थाचाच आग्रह धरायचा तर अडचण वाढते. ज्याला आतला भागच नाही तो परमाणु. आपल्या शाळेतल्या अ‍ॅटमला तर चांगलं भरलेलं आत आहे. 1897 साली जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन दाखवून दिला तेव्हाच ‘अविभाज्य’ हे बिरुद गळून पडलं. खुद्द अ‍ॅटम या ग्रीक शब्दाचा अर्थही न कापता येणारा असाच आहे, तरी इंग्रजीने तो सोडला नाही. कणादांची कसोटी काटेकोर लावली तर परमाणु ही पदवी आज इलेक्ट्रॉनला किंवा प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या क्वार्कला द्यावी लागेल. पारिभाषिक शब्द व्युत्पत्तीवर चालत नाहीत, ठरावावर चालतात.

रेणूचं म्हणाल तर संस्कृतात रेणु म्हणजे धूळ, धुळीचा कण, परागकणालाही म्हणतात. झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगणाऱ्या कणाला मनुस्मृतीत त्रसरेणु म्हटलं आहे आणि तिथून मापनाची सुरुवात केली आहे. म्हणजे रेणु डोळ्यांना दिसू शकणारा, अणु त्याहून बारीक. मराठीत ही जोडी रसायनशास्त्र येण्याच्या कितीतरी आधीपासून नांदते आहे. ‘अणुरेणिया थोकडा, तुका आकाशाएवढा’ हे कोणाला शिकवावं लागत नाही. तुकोबांना अर्थातच ऑक्सिजनचं काही सांगायचं नव्हतं. पण लहान आधी, मोठा नंतर हा क्रम कानात बसलेला असल्याने अणूंचा मिळून रेणू होतो हे मराठी मुलाला चटकन पटतं. हिंदी मुलाला तीच गोष्ट परमाणुंचा मिळून अणु अशी लक्षात ठेवावी लागते.

आतल्या कणांना एकत्रितपणे शालेय पुस्तकात अवअणुकण म्हणतात. दोन ‘अ’ शेजारी आल्याने जीभ जरा अडखळते, पण अर्थ स्वच्छ आहे. एकेकट्याची नावं प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन अशीच ठेवावीत. ती जगभर तीच आहेत आणि त्यांना मराठी कपडे घालून काही साधत नाही. इलेक्ट्रॉन हा शब्द तर कण सापडण्याच्या आधीच, 1891 मध्ये, जॉर्ज जॉनस्टन स्टोनी यांनी विजेच्या मूळ एककासाठी सुचवला होता. प्रोटॉन हे नाव रुदरफोर्डने 1920 च्या सुमारास रूढ केलं. न्यूट्रॉन सापडला 1932 मध्ये, चॅडविकला.

मधला गाभा म्हणजे केंद्रक किंवा अणुकेंद्रक. हिंदीत नाभिक, आणि त्यावरून आलेलं ‘नाभिकीय’ हल्ली मराठी बातम्यांतही डोकावतं. केंद्रकीय असताना त्याची गरज नाही. पेशीतल्या गाभ्यालाही आपण केंद्रकच म्हणतो, म्हणून संदर्भ धूसर असेल तिथे अणुकेंद्रक असं पूर्ण लिहावं. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन इथेच असतात. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे 1836 पट जड, त्यामुळे अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान केंद्रकात गोळा झालेलं असतं, आणि तरी केंद्रकाचा व्यास अणूच्या व्यासाच्या दहा हजारांश ते लाखांश एवढाच. प्रोटॉनची संख्या हा अणुअंक. मूलद्रव्य कोणतं ते त्यावरूनच ठरतं: 6 असतील तर कार्बन, मग न्यूट्रॉन 6 असोत की 8. प्रोटॉन तेवढेच आणि न्यूट्रॉन वेगळे असे अणू म्हणजे समस्थानिकं. इलेक्ट्रॉनसाठी ‘कक्षा’पेक्षा ‘कवच’ मला बरा वाटतो. कक्षा म्हटलं की सूर्याभोवतीचे ग्रह डोळ्यांसमोर येतात, आणि इलेक्ट्रॉन तसे ठरलेल्या वाटेने फिरत नाहीत.

याच अनुषंगाने अणुऊर्जेबद्दल. ती खरं तर केंद्रकाची ऊर्जा. कोळसा जळतो तेव्हाही ऊर्जा अणूंच्याच देवघेवीतून येते, पण ती बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची: कार्बनच्या एका अणूमागे सुमारे 4 इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचं अगदी चिमुकलं एकक). युरेनियम 235 च्या एका केंद्रकाचं विखंडन झालं, म्हणजे ते फुटलं, की सुमारे 20 कोटी. तेव्हा अणुबॉम्ब, अणुभट्टी हे शब्द काटेकोर नाहीत, पण इंग्रजीतही अ‍ॅटम बॉम्बच म्हणत आले, आणि तारापूरच्या केंद्राला आता कोणी केंद्रकऊर्जा केंद्र म्हणणार नाही. ट्रॉम्बेची संस्था मराठीत भाभा अणुसंशोधन केंद्र आणि हिंदीत भाभा परमाणु अनुसंधान केंद्र आहे. तिच्या वसाहतीचं नाव मात्र अणुशक्तिनगर.

लेखनाचं एक राहिलं. मराठीत सुटा शब्द दीर्घ: अणू, रेणू, अणूचा, रेणूंचे. समासात पहिलं पद असेल तर ऱ्हस्व: अणुअंक, अणुस्फोट, रेणुसूत्र, कवी आणि कविराज यांच्यासारखंच. हिंदीत सुटा शब्दही ऱ्हस्वच राहतो, म्हणून वर हिंदीबद्दल बोलताना मी ‘अणु’ लिहिलंय. आणि अण्वस्त्र हा शब्द अणु अधिक अस्त्र असा संधी होऊन आलेला आहे, तेव्हा तो ‘अणुवस्त्र’ लिहू नये. त्याचा अर्थ अणूचे कपडे होतो.