कॅरव्हॅनच्या खिडकीवरचे ओरखडे : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरला, गाडीवरची ताडपत्री उतरली, की म्हापशापासून काणकोणपर्यंत सगळीकडून एकच विचारणा येते : खिडकी धुरकट झाली, काय लावू? कॅरव्हॅनच्या मागच्या, राहायच्या भागातल्या खिडक्या बहुधा काचेच्या नसतात, ॲक्रिलिक या पारदर्शक प्लास्टिकच्या असतात. वजन काचेच्या निम्मे, म्हणून त्या वापरतात. पण ॲक्रिलिक काचेहून बरेच मऊ. काचेवर चालते ते इथे चालेलच असे नाही.

टूथपेस्टने ओरखडे जातात का? (मडगाव)

नखाला लागत नाहीत अशा बारीक रेघा फिक्या होतात, पण प्लास्टिकचे पॉलिश मिळत असताना टूथपेस्ट कशाला?

खिडकी ॲक्रिलिकची की पॉलिकार्बोनेटची, कसे ओळखू? (फोंडा)

गाडी बांधून देणाऱ्याला विचारा. पॉलिकार्बोनेट हे दुसरे पारदर्शक प्लास्टिक. त्यावर सहसा कडक थर दिलेला असतो, घासला की तो जातो. खात्री होईपर्यंत वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा बारीक पॉलिश पेपर, हातात घेऊ नका.

चोर्ला घाटात झाडाची फांदी घासली. खाच नखाला लागते. घरी काढता येईल? (साखळी)

उथळ असेल तर येईल. सावलीत, खिडकी गार असताना काम करा. १००० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात करून १५००, २०००, ३००० असे चढत जा. पाणी सतत सोडा. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदला आणि आधीच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर घेऊ नका. फक्त खाचेवर घासलेत तर तिथे खळगा पडतो आणि बाहेरचे दृश्य वाकडे दिसते, म्हणून आजूबाजूचा भागही घ्या. शेवटी मऊ कापडाने, हातानेच पॉलिश. बफिंग मशीन एका जागी रेटले तर घर्षणाने प्लास्टिक तापून मऊ पडते. ॲक्रिलिकला त्यासाठी १०० अंश सेल्सियसच्या आसपासची उष्णता पुरते. आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवा. खाच बिजागरीजवळ किंवा कडेला असेल तर मात्र स्वतः घासू नका, जाणकाराला दाखवा.

स्टिकरचा डिंक स्पिरिटने काढला. महिन्याभराने कडेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसू लागल्या. पॉलिशने जातील का? (वास्को)

नाही. हे ओरखडे नाहीत, भेगा आहेत. हा फरक मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण लोक भेगांवर पॉलिश चोळत बसतात आणि खिडकी हातची जाते. खिडकी साच्यात घडवताना, स्क्रूने कसताना ॲक्रिलिकमध्ये ताण राहतो. स्पिरिट, थिनर, ॲसिटोन, पेट्रोल किंवा अमोनियाचा काच पुसायचा फवारा त्यावर पडला की ताणाच्या जागी बारीक भेगा उघडतात. कधी लगेच, कधी काही आठवड्यांनी. उशिरा दिसल्या की दोष उन्हावर किंवा खाऱ्या हवेवर जातो आणि स्पिरिटची बाटली पुन्हा बाहेर निघते. ‘शेजाऱ्याने लावले, त्याला काही झाले नाही’ हे ऐकून तरी कुणी लावू नये. त्याची खिडकी आज बरी दिसते, एवढेच त्यातून कळते.

डिंकाला कोमट साबणपाणी आणि वेळ द्या. डासांच्या मलमातले डीटही प्लास्टिकला बाधते. संध्याकाळी ते चोळलेल्या हातांनी खिडकी ढकलू नका.

तुमच्या भेगा बिजागरीजवळ असतील तर ‘यंदाची सहल उरकून बघू’ म्हणू नका. वरून टांगलेली खिडकी हमरस्त्यावर वाऱ्याच्या माऱ्याने सुटली तर मागच्या दुचाकीस्वाराचे काय होईल? ती उघडू नका, गाडी लांब नेऊ नका, याच आठवड्यात दाखवा. बहुतेकदा बदलावीच लागते.

गॅरेजवाला म्हणतो, सिरॅमिक कोटिंग केले की कायमचे ओरखडे पडत नाहीत. करू का? (पर्वरी)

‘कायमचे’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. कोटिंगने पाणी आणि मळ लवकर निसटतो, पण वाळूचा कण दाबून फिरवला तर रेघ उठणारच. ‘ओरखडा गायब’ म्हणून विकतात त्यांतल्या कित्येक बाटल्यांत मेण किंवा सिलिकॉन असते. ते खाचेत भरते, काही धुण्यांत निघून जाते आणि तुम्ही दुसरी बाटली घेता. कोटिंग करायचेच असेल तर ते ॲक्रिलिकवर चालते का, हे खिडकी बनवणाऱ्याकडून लेखी घ्या.

खाणपट्ट्यात राहतो, रोज लाल धूळ बसते. काय काळजी घेऊ? (डिचोली)

कोरडे पुसू नका. वर्तमानपत्राने नाही, फडक्याने नाही, शर्टाच्या बाहीने तर नाहीच. आधी पाइपच्या हलक्या धारेने धूळ वाहून जाऊ द्या, मग सौम्य कार शॅम्पूच्या पाण्यात बुडवलेले स्वच्छ मायक्रोफायबर हलक्या हाताने फिरवा. चाकांचे फडके वेगळे ठेवा. काथ्या आणि भांड्यांची हिरवी घासणी खिडकीपासून लांब.

ताडपत्रीचेही तेच. धुळीवरच ती बांधली की वाऱ्याने फडफडून चार महिने खिडकी घासत राहते. आधी धुवा, वाळू द्या, खिडकीवर फलालीन लावा आणि मग ताडपत्री ताणून बांधा. गाडी उन्हात उभी असेल तर आतले पडदे पूर्ण ओढू नका. पडदा आणि खिडकीमध्ये उष्णता कोंडते.

खिडकीच्या दोन थरांमध्ये बाष्प धरते. आतून पुसता येईल? (पेडणे)

नाही. खिडकीला हवेसाठी छोटी बुचे असतील तर ती कोरड्या दिवशी काढून आत हवा लागू द्या. तरीही बाष्प परत आले तर सांधा सुटला आहे का, ते तपासून घ्या.