दाता, ठिबक की मोचक?

विचारणा अशी: भाची रसायनशास्त्रात पीएचडी करते, विषय 'स्लो-रिलीज हायड्रोजन सल्फाइड डोनर्स', म्हणजे हायड्रोजन सल्फाइड हा वायू हळूहळू सोडणारे रेणू. घरी विचारलं की मराठीत काय सांगायचं? 'हायड्रोजन सल्फाइडचे मंद दाते' चालेल का?

व्याकरणाला चालेल, कानाला नाही. 'मंद दाते' म्हटलं की मला आधी दाते आडनावाचे कुणी सुस्त गृहस्थ दिसतात आणि मग चक्राचे झिजलेले दाते. दाता एकवचनात भारदस्त असतो, अनेकवचनात त्याची पंचाईत होते.

माझी खरी हरकत मात्र अर्थाला आहे. दाता आपल्याजवळचं देतो. म्हणून रक्तदाता ठीक, इलेक्ट्रॉनदाताही ठीक. इथे रेणूत वायू भरून ठेवलेला नसतो. बंध तुटतो, गंधक सुटतं, तेव्हा वायू तयार होतो. शिवाय सगळं कसब देण्यात नाही, आवरून धरण्यात आहे.

का, ते वायूच सांगतो. कुजक्या अंड्याचा वास याचाच, पादेलोणातही याचाच (व्युत्पत्ती काहीही असो, त्या नावाला पोरं उगाच हसत नाहीत). गटारात उतरलेल्या सफाई कामगारांचा जीव घेतो तोही हाच. आणि आपलं शरीर तो स्वतःही किंचित बनवतं: १९९६ साली आबे आणि किमुरा या जपानी संशोधकांनी तो मेंदूत निरोप्याचं काम करत असावा असं मांडलं. रक्तवाहिन्याही तो सैल करतो. तेव्हा औषध करायचं तर सगळा खेळ मात्रेचा. सोडियम हायड्रोसल्फाइड पाण्यात टाकलं की सगळा ऐवज भसकन बाहेर. उलट २००८ साली सिंगापूरच्या संशोधकांनी पुढे आणलेल्या जीवायवाय ४१३७ या रेणूत गंधक फॉस्फरसला बांधलेलं असतं, आणि पाणी ते सावकाश सोडवत बसतं.

या सावकाशीला शेतकऱ्यांनी केव्हाच शब्द रुळवलाय: ठिबक. 'उसाला ठिबक केलंय' यात सिंचन म्हणायचीही गरज उरलेली नाही. घरी सांगायला भाचीने बेलाशक 'सल्फाइडचं ठिबक' म्हणावं. आजीलासुद्धा कळेल.

प्रबंधाला ते पुरणार नाही. काही रेणू ठिबकत नाहीत, खूण पटल्यावरच उघडतात: कुणाला प्रकाश लागतो, कुणाला ठरावीक विकर (एन्झाइम). लसणाचंच बघा. अख्खी पाकळी शांत असते. ठेचली की विकर आणि गंधकाचं संयुग एकत्र येतात, मग तो झणका उठतो. त्यातून बनणाऱ्या सल्फाइडांपासून आपल्या तांबड्या पेशी हायड्रोजन सल्फाइड काढतात, हे अलाबामातल्या एका गटाने २००७ साली दाखवलं. याला ठिबक कसं म्हणणार?

म्हणून लिहिताना मी 'मोचक' घेईन, ऋणमोचनातला. सल्फाइडमोचक, सावकाश सोडणारा तो मंदमोचक. फक्त समास जपून करा. प्रकाशाने उघडणाऱ्याला 'प्रकाशमोचक' म्हटलंत तर तो प्रकाश सोडणारा होईल. तिथे 'प्रकाशचालित सल्फाइडमोचक' असं लांबलचकच लिहावं लागेल. आणि अक्षरं वाचवायला 'वायुमोचक' करू नका. ओवा-हिंगाच्या चूर्णाची बाटली डोळ्यांपुढे येते.