संकल्पनात्मक प्रारूप म्हणजे काय, ते व्यवस्थेचे चित्र कसे उभे करते, आणि त्यासाठी यूएमएल (सॉफ्टवेअरची रचना चौकटी आणि बाणांनी दाखवायची ठरावीक चित्रपद्धत) यायलाच हवे का?

मी भूजलाच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे यूएमएलविषयी एवढेच सांगते की चौकटी आणि बाण कोणत्या पद्धतीने काढायचे हा अगदी शेवटचा प्रश्न आहे. चित्रात काय ठेवायचे आणि काय वगळायचे हे आधी ठरवावे लागते, आणि तो निर्णय म्हणजेच संकल्पनात्मक प्रारूप. आमच्याकडे ते बहुधा एका कागदावर मावते: पाणलोटाचा उभा छेद, त्यातले खडकांचे थर, पाणी कुठे मुरते, कोणत्या थरातून सरकते, कुठे अडते, विहिरींतून किती उपसले जाते आणि उरलेले ओढ्याला कुठे मिळते. आकडे, समीकरणे आणि संगणक त्यानंतर.

हा क्रम उलटा केला की काय होते ते मी नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी पाहिले. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका पाणलोटाचा अभ्यास आमच्याकडे आला होता. दख्खनचा बेसॉल्ट म्हणजे लाव्हाचे एकावर एक पसरलेले थर. त्यातल्या एकसंध काळ्या पाषाणात पाणी केवळ भेगांमधून फिरते, झिजलेल्या मुरमात आणि मांजऱ्यात, म्हणजे बारीक पोकळ्या असलेल्या बेसॉल्टात, साठते, आणि दोन थरांच्या मध्ये लाल गेरूचा पट्टा असला तर पुष्कळदा तिथे अडते. आमच्या वरिष्ठांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. तरीही अहवालाची मुदत जवळ आली म्हणून त्यांनी सबंध पाणलोट नदीकाठच्या वाळूसारखा एकजिनसी धरला आणि मॉडफ्लो या भूजलाचा प्रवाह काढणाऱ्या संगणक-प्रणालीत आकडे भरायला सांगितले. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने 1984 साली प्रसिद्ध केलेल्या या प्रणालीचा त्यात काहीच दोष नव्हता. तिच्यापुढे जे चित्र ठेवले ते तिने सोडवले.

त्याआधी शिवार पाहताना एका आजोबांनी मला एक लांबट उंचवटा दाखवला होता. "ही कातळाची भिंत ओढ्याला आडवी गेलीय, पोरी. हिच्या वरचं पाणी खालच्या हिरींना कधी येत न्हाई," असे ते म्हणाले. ती डाइक होती, म्हणजे जुन्या थरांना भेदून उभ्या फटीत थिजलेला लाव्हा. मी ती छेदात काढली आणि वरिष्ठांनी ती खोडली, कारण तिच्याशिवायही संगणकाने काढलेल्या पातळ्या निरीक्षण विहिरींतल्या मोजणीशी जुळत होत्या. त्या भरवशावर भिंतीच्या वरच्या अंगाला बंधारा सुचवला गेला. पावसाळ्यात तो भरला, वरच्या चार विहिरी तुडुंब झाल्या, आणि ज्यांच्यासाठी तो बांधला त्या खालच्या विहिरींनी फेब्रुवारीतच तळ गाठला.

पातळ्या जुळतात म्हणून चित्र बरोबर, हा युक्तिवाद मी तेव्हाही मान्य केला नव्हता आणि आजही करत नाही. उपसा नसलेल्या स्थिर अवस्थेत पुनर्भरण, म्हणजे जमिनीत मुरणारे पाणी, दुप्पट धरा आणि खडकाची पारगम्यताही, म्हणजे पाणी वाहू देण्याची क्षमताही, दुप्पट धरा. पातळी तीच येते. म्हणजे केवळ पातळ्यांवरून हे दोन्ही आकडे ठरवताच येत नाहीत, आणि ते हवे तसे वळवून चुकीच्या चित्रातही आलेख जुळवता येतो. अमेरिकन भूजलतज्ज्ञ जॉन ब्रेडहोएफ्ट यांनी 2005 साली मांडले होते की, उपलब्ध असलेल्या मोजक्या नोंदींवरून पाहता, 20 ते 30 टक्के अभ्यासांत नंतर हाती आलेली माहिती मूळ संकल्पनाच मोडीत काढते. त्यामुळे तुमच्या प्रकल्पात कोणी जुळलेल्या आलेखाचा दाखला दिला, तर त्याच्याकडे त्याच नोंदींशी जुळणारे दुसरे, वेगळे चित्र मागा. दोन्ही जुळली तर त्यांच्यात निवाडा करील अशी मोजणी शोधायची, आणि माझ्या मते खरे काम तेवढेच आहे.

हे सांगताना एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सगळ्याच डाइक पाणी अडवत नाहीत. भेगाळलेली डाइक उलट पाणी वाहून नेते, आणि आमची कोणत्या प्रकारची होती हे उपसा-चाचणी, म्हणजे एका विहिरीतून पाणी उपसून आसपासच्या विहिरींची पातळी मोजणे, केल्याशिवाय मलाही त्या वेळी सिद्ध करता आले नसते. त्या चाचणीची मागणी मी लेखी केली होती. अंदाजपत्रकात तरतूद नाही, असा शेरा मारून ती परत आली.