नव्या गाडीचा क्लच थरथरतो

प्रश्न : नवी मॅन्युअल स्पोर्ट्‌स कार पावसात चार दिवस उभी राहिली की सकाळी पहिल्या गिअरला उचलताना थडथडते. क्लच गेला का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही हो, घाबरू नका. आपल्या दमट, खाऱ्या हवेत फ्लायव्हीलवर (इंजिनासोबत फिरणारी जड चकती, तिच्यावर क्लचची प्लेट दाबली जाते) गंजाचा पातळ थर धरतो. दोन-चारदा गाडी उचलली की घासून जातो. शिवाय क्लचची नवी प्लेट अजून घासून नीट बसलेली नसते. पहिले १००० किलोमीटर तरी इंजिन पूर्ण ताणू नका, वेग बदलता ठेवा. परशुराम घाटात मात्र चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलू नका, हँडब्रेक ओढा! प्लेट तापून गुळगुळीत झाली की थरथर जात नाही. गाडी गरम झाल्यावरही थडथडली, तर वॉरंटीत तपासून घ्याच. सर्व्हिस सेंटरवाल्यांच्या ‘होईल कमी’ एवढ्यावर परत येऊ नका.