भाषणाला बोलवावं का?

प्रश्न : ताई, गडचिरोलीतली गोंड मुलं-मुली जंगल आणि हवामानासाठी झटतात. आमच्या पुण्याच्या गटाने त्यांना भाषणाला बोलवावं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : बोलवा, पण आधी त्यांच्या ग्रामसभेला विचारा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २००६च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५नुसार जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेलाही आहे. मी याच भागात काम करते. इथल्या पोरी उन्हाळ्यात वणवा विझवायला जातात, मोबाइलवर जंगलाच्या हद्दी नोंदवतात, तेंदूच्या, म्हणजे विडीच्या पानांचा हिशेब लिहितात. त्यांना हवंय मानधन, प्रवासखर्च आणि गोंडीत ऐकून मराठीत अर्ज लिहून देणारं माणूस. हारतुरे नकोत. आणि मे महिन्यात कार्यक्रम मुळीच ठेवू नका. तेंदूचा हंगाम असतो, घरात रोकड तेव्हाच येते.